शेजाऱ्याची बंद पाकिटं

क्लासच्या पोरांना खोल्या भाड्यानं देणारा आमचा लातूरचा शेजारी क्रिकेटवाल्यांच्या फोटोपत्त्यांची बंद पाकिटं मोबाइलवरून एका कंपनीमार्फत विकतो. आत कोणता पत्ता हाय हे त्यालाही ठाऊक नसतं. पाकीट न फोडलेलं असलं तरच त्याला भाव. लोक घेतात. सगळाच येडेपणा!

गिऱ्हाइकाला धाडायचा डबा भरताना तो शूटिंगला मोबाइल समोर उभा करतो, पाकिटं चारी बाजूंनी दाखवतो, वजन मोठ्यानं बोलतो, चिकटपट्टीवर सही करतो. मी म्हणायचो, "सोनं धाडून राहिलास का रे?" तो म्हणायचा, "मामा, लोक माल बदलून परत पाठवतात."

परवा तो घरी नव्हता. नांदेडच्या गिऱ्हाइकानं परत केलेला डबा कुरिअरवाल्यानं माझ्या हातात दिला. म्या जन्मभर आडतीवर हमाली केली. पोत्यात परखी खुपसून आतली तूर बघितल्याबिगर आम्ही पोतं उतरून घेत नव्हतो. म्या डबा फोडला. आत फाडून परत चिकटवलेली पाकिटं होती.

तो आला आणि पाकिटं उलटीसुलटी करून बघू लागला. "मामा, डबा उघडतानाचं शूटिंगच पाहिजे होतं. आता कंपनीवाले म्हणतील, पाकिटं मीच फाडली."

"मग माझं नाव लिही. मी भितो का कुणाला?"

त्यानं कंपनीला तक्रार लिहिली आणि मला वाचून दाखवली. "डबा मी स्वतः उघडला, शूटिंग करायचं राहिलं." माझं नाव कुठंच न्हाई. पैसे बुडाले, ते त्याचे. पण म्या केलेलं काम स्वतःच्या नावावर लिहिणाऱ्या माणसाला खोटारडा न्हाई तर काय म्हणावं?