पिठावरचं फूल

नलूताई गेल्याचं मला भाजीवालीने सांगितलं. मी भेंडी निवडत होते, मुद्दाम निबर बघून, कारण ती खायला नव्हती, रंगात बुडवायला होती. "तुमच्या खालच्या मजल्यावरच्या बाई गेल्या म्हनं आत्ता, तुम्हाला नाय कळलं?" ती म्हणाली. मी तिच्यावरच चिडले... मघाशीच तर नलूताईंनी जिन्यातून हाक मारून भेंडी आणायला सांगितली होती!

चैत्र लागला की त्यांच्या जेवणाच्या टेबलावर आम्हा बायकांचा फुलांचा कारखाना सुरू व्हायचा. आडव्या चिरलेल्या भेंडीचा ठसा म्हणजे जाई, काटाचमच्याने ओढलेले केशरी फटकारे म्हणजे पळस, कापसाच्या काडीचे ठिपके म्हणजे कडुनिंबाचा मोहर. "ब्रश हातात आला की माणूस घाबरतं गं. भेंडीला कोण घाबरतंय?" असं म्हणून त्या मला ओढून बसवायच्या. त्यांचं स्वतःचं हत्यार मात्र ताक घुसळायची लाकडी रवी. तिचं पाकळ्यांचं तोंड रंगात बुडवून कागदावर दाबायचं आणि उचलताना किंचित उजवीकडे फिरवायचं, की फुलाला वारा लागल्यासारखं व्हायचं. मला ते कधी जमलं नाही, माझं फूल हमखास फिसकटायचं. एकदा ती रवी चुकून तशीच ताकात गेली. त्यांचे यजमान भाऊसाहेब, गणिताचे निवृत्त मास्तर, पेला संपवून शांतपणे म्हणाले, "आज हळद घातलीस का?" आम्ही हसून हसून बेजार.

नलूताई गेल्या त्या दिवशी भाऊसाहेब पिंपळगावला पाहुण्यांकडे गेले होते. परतले तेव्हा नलूताईंना खाली निजवलेलं होतं. "एक शब्द बोलली नाही हो माझ्याशी..." एवढंच ते म्हणत राहिले. म्हणूनच निफाडहून आलेल्या नलूताईंच्या मोठ्या जाऊबाईंनी दिव्याखाली पीठ पसरायचं काढलं, तेव्हा असल्या गोष्टींना जन्मभर थोतांड म्हणणारा हा माणूस गप्प राहिला. गेलेलं माणूस कुठल्या जन्माला गेलं, त्याची खूण पिठावर उमटते म्हणतात. भाऊसाहेबांना जन्म-बिन्म काही नको होता, नुसता निरोप हवा होता. हॉलच्या कोपऱ्यात पीठ पसरलं, दिवा ठेवला, वर टोपलं पालथं घातलं.

सकाळी जाऊबाईंनी टोपलं उचललं. "पाखराचं पाऊल हाय बघा. चिमणी झाली आमची नलू." मी वाकून पाहिलं. ते पाऊल नव्हतं. रवीचं फूल होतं, उजवीकडे किंचित फिरवलेलं. मी भाऊसाहेबांकडे पाहिलं, तर ते माझ्याकडेच बघत होते. त्यांनी चटकन मान खाली घातली. मी काय समजायचं ते समजले. बिचाऱ्याने स्वतःच स्वतःला निरोप दिला, असं वाटून फार वाईट वाटलं, आणि मी तोंड मिटून घेतलं.

महिना उलटल्यावर एकदा जेवणाचा डबा द्यायला गेले आणि राहवलं नाही. म्हटलं, "भाऊसाहेब, पिठावर ते फूल उमटवलंत ना, फार बरं केलंत."

त्यांच्या हातातला डबा तसाच राहिला.

"मी? अहो, मी तर तेव्हापासून मनातल्या मनात तुमचे उपकार मानतोय..."

आम्ही दोघांनी कोपऱ्याकडे पाहिलं. फरशी तर केव्हाच पुसून घेतली होती. मी अजून रोज डबा घेऊन जाते, घटकाभर बसते. पण त्या कोपऱ्याकडे पाठ करून आम्ही दोघंही बसत नाही.