‘बि’वरचा जोर

रिस्पॉन्सिबिलिटी. हा शब्द नीट म्हणता आला तर टेलिफोनची नोकरी, नाही आला तर जवळच्या पापनाशम गावचा बिजवर. त्या वर्षी कुंभकोणमात माझ्यापुढे एवढेच होते. बिजवर अप्पांहून थोडाच लहान, पण आईला त्याची भातशेती फार आवडली होती. त्याच्या घरी जाण्यापेक्षा जीव दिलेला बरा, असे मला तेव्हा खरोखर वाटे.

नोकरीच्या चाचणीत इंग्रजी मोठ्याने वाचायचे होते. घरात पिढ्यांपूर्वी इकडे आणलेली आमची जुनी मराठी, बाहेर तमिळ. इंग्रजी शब्दाचे सगळे तुकडे आम्ही एकाच वजनाने टाकत जायचो. शेजारच्या मास्तरांनी शब्द फोडून दिला, रि, स्पॉन्, सि, बि, लि, टी, आणि जोर ‘बि’वर द्यायला सांगितले. माझा जोर भलतीकडेच पडे. मी रडकुंडीला आले.

शेवटी अप्पांनी मनावर घेतले. ते मठात भजने म्हणत. इंग्रजीचा गंध नव्हता, पण ताल पक्का. म्हणाले, “समेच्या अगोदर उचल. ‘बि’वर सम येऊं दे.” त्यांनी मांडीवर थाप मारली, आणि खरेच, ‘बि’ नेमका थापेखाली आला! मग चुलीपाशी, विहिरीपाशी, मांडीवर थापा मारत मी तो शब्द घोटला. मास्तरही खूश झाले. मी वेडी, नोकरी लागल्यासारखीच मिरवू लागले.

चाचणीला टेलिफोन कचेरीतल्या साहेबांनी मला स्विचबोर्डापुढे बसवले. एका हातात जोडणीची दोरी, दुसऱ्यात पेन्सिल. कागद समोर टाचलेला. “हात हलवायचे नाहीत. वाचा,” ते तमिळमध्ये म्हणाले.

तो शब्द आला. रि, स्पॉन्, सि... आणि पुढे काही येईचना. हात अडकलेले, थाप नाही, तर जिभेला सम सापडेना. मी पुन्हा सुरुवात केली आणि पुन्हा तिथेच अडकले. त्या मेल्या दोरीला मनात शिव्या घातल्या. साहेबांनी पुढच्या मुलीला हाक मारली.

अप्पा फाटकाशी उभे होते. माझा चेहरा बघून ते घराकडे वळले. “तुमच्या तालानंच घात केला!” मी भर रस्त्यात ओरडले.

घरी आल्यावर ते आईला म्हणाले, “पापनाशमास सांगून पाठीव. येऊन पोरीस बघून जाऊं देत.”

“मला नको तो,” मी म्हणाले.

तोवर आई पापनाशमच्या पाहुण्यांसाठी कॉफीच्या बिया काढायला आत गेली होती. अप्पांनी पंचांग उघडले.