निरोप घेऊन येणाऱ्या बाया

बाबांचा फोन आला तेव्हा मी पुण्यात, ऑफिसच्या कँटीनमध्ये रांगेत उभी होते. "मोठी काकू गेली. ये तू," एवढंच ते म्हणाले. मी जुन्नरला पोचले तेव्हा दिवस कलला होता आणि पुरुष दफन करून परतत होते. आमच्या गल्लीत ख्रिस्ती घरं थोडीच, एकमेकांना लागून, बहुतेक एकाच आडनावाची. आजूबाजूच्या हिंदू घरांसारखीच रीत आमच्यातही आहे, मातीला बायका जात नाहीत. कुणी तसं सांगत नाही, कुणी विचारतही नाही. मी आईबरोबर काकूच्या ओट्यावर बसून राहिले आणि घोडेगावहून आलेल्या तिच्या माहेरच्या माणसांना पाणी देत राहिले. तिला कुठे ठेवलं, ते मी पाहिलंच नाही...

मोठी काकू म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको. मी लहानपणी फार कमी बोलायचे. बोलताना अडखळले की लोक माझं वाक्य पुरं करून द्यायचे. काकू मात्र तसं कधी करायची नाही. हातातलं काम चालू ठेवून ती थांबायची, वाक्य संपेपर्यंत. म्हणून ईस्टरच्या प्रथा कुठून आल्या यावर शाळेत तक्ता करायचा होता, तेव्हा मी तिच्याकडेच गेले. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. पुस्तकात एक गुबगुबीत ससा होता आणि टोपलीत रंगीत अंडी. काकूने चित्र लांब धरून पाहिलं. "सशाची अंडी? अन् तुमच्या बाईंनी ऐकून घेतलं?" मग खुदकन हसली आणि अंड्यांचं सांगू लागली. जुन्या काळी ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस लोक उपास धरायचे, अंडीसुद्धा खायचे नाहीत. "माणसं उपास धरत्यात, कोंबड्यांना कोण सांगणार? त्या घालतच ऱ्हायल्या. मग सणाला घरात अंडीच अंडी." रंगाचं विचारलं तर म्हणाली, कुणी म्हणतं तांबडा रंग प्रभूच्या रक्ताचा, असेलही. तिची अंडी कांद्याच्या सालीत उकडलेली, विटकरी. त्याचं कारण तिने साधं सांगितलं, जुन्नरच्या बाजारात कांद्याला काय तोटा.

आमच्या गल्लीची आणखी एक प्रथा मात्र कुठल्याच पुस्तकात नव्हती. शुक्रवारी येशूला क्रुसावर मारलं, पुरलं, आणि रविवारी पहाटे काही बायका कबरेकडे गेल्या तर कबर रिकामी, ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. आमच्याकडे त्या पहाटे फक्त बायका गावाबाहेरच्या कबरस्तानात जातात, मेणबत्त्या लावतात आणि उजाडता उजाडता परत येऊन एकेक दार वाजवून सांगतात, "उठला आहे." आतून पुरुषांनी म्हणायचं, "खरोखर उठला आहे." तोवर त्यांनी दार उघडायचं नाही. वर्षात त्या एकाच पहाटे आमच्या बायका तिथे जातात. काकू पुढे असायची आणि स्वतःच्या दाराशी आली की काकांना वर ऐकवायची, "देव उठला, आता तुमी बी उठा." मी सगळ्यात मागे चालायचे, कडी वाजवायचे, पण बोलायची वेळ आली की दुसरीच्या आड व्हायचे.

हे आपल्याकडे कुठून आलं, असं मी काकूला तेव्हाही विचारलं होतं. मोठी झालीस की सांगेन, म्हणाली. सांगितलं गेल्या वर्षी, अंडी उकडताना. लग्नाच्या पुढच्याच वर्षी तिला मुलगी झाली आणि थोड्या दिवसांत गेली. पुरुष बाळाला कापडात घेऊन गेले. कुठे ठेवलं, हे विचारायची सोय नव्हती, कारण ती सासऱ्यांसमोर बोलतच नसे. मग शुभ शुक्रवारची संध्याकाळ आली. माझे आजोबा घरच्यांना शास्त्र वाचून दाखवत होते आणि काकूने स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं, "मामंजी, कबरेवर पहिलं कोण गेलं व्हतं?" आजोबा बराच वेळ पुस्तकात पाहत राहिले. "बाया," ते म्हणाले. रविवारी पहाटे तेच कंदील घेऊन अंगणात उभे होते. आजीला म्हणाले, सुनेला घेऊन जा, जागा चिंचेखाली आहे. आणि काकूला म्हणाले, "नुसतं जाऊन यायचं न्हाई. त्या बाया निरोप घेऊन आल्या व्हत्या. तुमी बी आणा." दुसऱ्या वर्षी शेजारच्या घरातल्या दोघी बरोबर निघाल्या. त्यांचीही तिथे कुणी कुणी होती...

एवढं सांगून काकू म्हणाली, "माझ्यामागं हे चालू ठिवशील?" मी म्हटलं, मला नाही जमणार काकू, माझा आवाजच निघत नाही. "त्या बाया बी भ्याल्याच व्हत्या. शास्त्रात तसं लिहिलंय की. कुणाला काय बोलल्या न्हाईत." मग लोकांना कळलं कसं, मी विचारलं. तिने एक अंडं फडक्याने पुसून बाजूला ठेवलं. "एखादीनं हळूच सांगितलं असंल."

ती उपासाच्या दिवसांतच गेली, ईस्टरला काही आठवडे राहिले असताना. शुभ शुक्रवारी सगळे तिच्या घरी जमलो तेव्हा काका म्हणाले, यंदा राहू द्या, घरात दुखवटा आहे. बायकांनी माना हलवल्या. एकदा मोडलं की पुढच्या वर्षी ज्याला त्याला कारण सापडणार, हे मला दिसत होतं. मी म्हणाले, मी जाईन. इतकं हळू, की आईला ते मोठ्याने सांगावं लागलं. काका माझ्याकडे पाहत राहिले, पण नाही म्हणाले नाहीत. पहाटे गल्लीत आले तर सगळ्याजणी पदर घेऊन तयार होत्या.

शिवनेरी अजून काळाच होता. चिंचेखाली दगडांनी आखलेली एक इवलीशी कबर, आणि तिला लागून नव्या मातीचा उंचवटा. काकूची जागा मी तेव्हा पाहिली. रडू येईल असं वाटलं होतं, पण उलट बरं वाटलं. हा रस्ता तिने मागून घेतला नसता तर आज आम्ही कुणीच इथे नसतो. आईने मेणबत्ती माझ्या हातात दिली.

परतताना पहिलं दार काकांचंच लागतं. बायका थांबल्या, कुणीच माझ्या पुढे होईना. मी कडी वाजवली. "काका... उठला आहे." आत खाट कुरकुरली, पावलं दाराशी येऊन थांबली. मग दाराआडून त्यांनी विचारलं, "माती बसली का गं?"

"बसत आलीय, काका. वरनं हात फिरवलाय आम्ही."

"खरोखर उठला आहे," ते म्हणाले, माझ्यापेक्षाही हळू, आणि दार उघडलं. चेहरा धुतलेला, अंगात धुवट सदरा. कधीचे जागे होते कोण जाणे. मी पुढच्या दाराकडे वळले. तिथे माझा आवाज जरा मोठा निघाला.