गिअर आत्याकडे

बिघडलेल्या वस्तू दुरुस्त करणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण ती वस्तू आपल्या डोळ्यांदेखत पुन्हा एकदा व्यवस्थित बिघडल्याशिवाय तिला हात न लावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे माझे आतोबा. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी बोटीवर इलेक्ट्रिशियन म्हणून काढली, आणि बिघाड झाला तेव्हा जे जसं होतं ते तसंच्या तसं पुन्हा मांडायचं, ही तिथली शिस्त बरोबर घेऊनच ते रत्नागिरीत परतले. आमच्या घरचा फ्यूज उडाला तेव्हा त्यांनी नवी तार घातली आणि आईला इस्त्री, शेगडी आणि पंखा त्याच क्रमाने लावायला सांगितलं. फ्यूज पुन्हा उडाला. "सिद्ध झालं," माजघरातून आतोबांचा समाधानी आवाज आला. मी शाळेत असताना मला ताप भरला, तर आदल्या दिवशीची चौकशी करून त्यांनी मला मांडवीच्या किनाऱ्यावर नेलं आणि त्याच रंगाचा बर्फाचा गोळा पुन्हा खायला लावला. त्यानंतर आई बरेच दिवस त्यांच्याशी बोलत नव्हती. आतोबांच्या ते लक्षातही आलं नाही.

पुढे अर्धांगाचा झटका येऊन त्यांची डावी बाजू कमजोर झाली, आणि गाडी चालवायची हौस तेवढी धडधाकट राहिली. दुबईला असलेल्या त्यांच्या पुतण्याने जपानी गाडी आणली होती. परत जाताना त्याने ती आतोबांच्या अंगणात ठेवली. ऑटोमॅटिक गाडी, म्हणजे क्लचच नाही. डाव्या पायाला काही कामच नाही. राहिली दोन सीटच्या मधली गिअरची दांडी. ती डाव्या हाताने हलवावी लागते, म्हणून ते खातं आत्याकडे गेलं. आत्या जन्मात सायकलवरही बसली नव्हती. निघताना आतोबा "डी" म्हणाले की ती दांडी मागे ओढायची, आणि गाडी उभी करताना "पी" म्हणाले की दाराला अडसर घालावा तशी धाडकन पुढे ढकलायची.

"अगो, हळू. यंत्र आहे ते."

"हळू सांगून ऐकतं का कुणी? तुमच्याशी संसार केलाय मी."

आळीत सगळे म्हणत, या गाडीला दोन माणसं मिळून एक ड्रायव्हर आहे.

तर या गाडीने एकदा मांडवीला दगा दिला. आम्ही एका नातेवाइकांकडून फणस घेऊन निघालो, आतोबांनी किल्ली फिरवली आणि काहीच झालं नाही. सेल्फचा आवाजसुद्धा नाही. चार भल्या माणसांनी घाम गाळत गाडी बाजारापर्यंत ढकलत नेली. तिथे आतोबा शांतपणे म्हणाले, "ही ढकलून सुरू होत नाही."

"मग आधी का नाही बोललात?"

"विचारलंत कुठे?"

त्यानंतर गाडी कधी सुरू व्हायची, कधी नाही. गॅरेजच्या मिस्त्रीने बॅटरी बदलली, सेल्फ खोलून पुन्हा जोडला, आणि शेवटी हात टेकले. "काका, हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स काढूनच टाकूया. आपल्याकडचा साधा बसवतो, क्लचवाला. कटकट नको." पुतण्याने फोनवर होकारही देऊन टाकला. सोमवारी गाडी न्यायचं ठरलं. क्लच आला की आतोबांचं गाडी चालवणं संपलं, हे मिस्त्रीच्या ध्यानात आलं नव्हतं. आतोबांच्या आलं होतं. त्यांना घाबरलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि मला फार वाईट वाटलं.

"सोमवारपर्यंत गाडी माझ्याकडे आहे ना?" ते एवढंच म्हणाले.

रविवारी सकाळी त्यांनी मांडवीचा प्रसंग अंगणात मांडला. आत्याला तेच हिरवं पातळ नेसायला लावलं. मला मागच्या सीटवर मांडीत फणस घेऊन बसवलं. मूळ फणस आम्ही खाऊन टाकल्याबद्दल त्यांनी नापसंती व्यक्त केली आणि तेवढ्याच वजनाचा दुसरा चालवून घेतला. मग मला समजावलं: गिअर 'पी'वर किंवा 'एन'वर, म्हणजे न्यूट्रलवर, असल्याशिवाय सेल्फला करंट जातच नाही. ती परवानगी गिअरबॉक्सजवळचा एक छोटा स्विच देतो. त्या स्विचच्या वायरला त्यांनी माझ्याकडून एक बल्ब जोडून घेतला आणि तो समोर टांगला.

"पी," आतोबा म्हणाले. आत्याने दांडी ढकलली. बल्ब लागला नाही. मग तिच्या जागी मला फणसासकट बसवलं. लागला. पुन्हा आत्या, नाही. पुन्हा मी, लागला.

"सापडला! आतली पट्टी झिजलीय. जोरात ढकललं तरच टेकते. आणि ही झीज आजची नाही हो, जुनी आहे."

"मग इतके दिवस गाडी कशी चालत होती?" मी विचारलं.

उत्तर द्यायला त्यांनी तोंड उघडलं, आणि आत्याकडे पाहून ते तसंच राहिलं. आत्याने उजवा हात पदराखाली घेतला होता.

"दुखतोय काय गो?"

"बोटं वळत नाहीत हो. बरेच दिवस झाले."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलल्ये असते तर गाडी चालवणं सोडलं असतंत तुम्ही."

फणस खाली ठेवू का, हे विचारण्याची ती वेळ नव्हती.

मग त्यांनी मला गाडीखाली घातलं. मी स्क्रू सैल करून स्विच जरा सरकवला, पट्टी पॉलिश पेपरने घासली, सांध्यांना तेल दिलं. बल्ब लागला, तरी आतोबांचं समाधान होईना. ते पुन्हा पुन्हा आत्याला दांडी हलवायला लावत, आणि बल्बाकडे न बघता तिच्या चेहऱ्याकडे बघत. "अजून हलकी कर," मला हुकूम येई. अखेर ती एका बोटाने हलू लागली. "स्विचच नादुरुस्त होता," ते तिला म्हणाले. "तुझ्या हातात काही दोष नाही." बिघाडाच्या बाबतीत आतोबा खोटं बोलल्याचं हे एकच उदाहरण मला ठाऊक आहे. सोमवारी मिस्त्रीला अर्धा फणस देऊन परत पाठवलं, आणि आत्याला त्याच गाडीतून डॉक्टरांकडे नेलं.

पुढे एकदा न राहवून मी म्हटलं, "आतोबा, दांडी इतकी हलकी झालीय, तुमच्या डाव्या हातानेही हलेल."

"हलते. बघितलंय मी."

"मग?"

"मग काय? गिअर तिच्याकडे आहे."

आत्या गेल्यानंतर गाडी अंगणातच उभी असे. रोज सकाळी आतोबा आधी डावीकडचं दार उघडून कुणी आत बसेल एवढा वेळ थांबत, मग ते लावून घेत आणि आपल्या जागेवर जाऊन किल्ली फिरवत. गाडी पहिल्या झटक्यात सुरू व्हायची. ते थोडा वेळ तशीच चालू ठेवत आणि बंद करत. "डी" मात्र ते पुन्हा कधी म्हणाले नाहीत.