गंगाखेडचे किर्गिझ

परभणी जिल्ह्यात राहणारा किर्गिझस्तानचा एकमेव माणूस म्हणजे आमचे साडू. जन्म गंगाखेडचा, धंदा आचाऱ्याचा, गळ्यात तुळशीची माळ, घर गोदावरीच्या काठाजवळच्या गल्लीत. पण मनाने ते पक्के किर्गिझ आहेत आणि ही गोष्ट समोरच्याच्या गळी उतरवल्याशिवाय ते त्याला चहा पिऊ देत नाहीत. आपल्याकडची बरीच पोरं डॉक्टर व्हायला तिकडे बिश्केकला जातात. तिथल्या जेवणाला ती विटली होती, आणि त्याच सुमारास तिथल्या एका मेसवाल्याने गंगाखेडच्या कुठल्याशा लग्नात यांच्या हातची भरली वांगी खाल्ली. तेवढ्या वांग्यांवर, तोवर हैदराबादच्या पलीकडचं जग न पाहिलेले आमचे साडू विमानात बसले आणि काही वर्षं तिकडे राहून परत आले. परत आले म्हणजे अंगाने आले. माझी बायको त्यांची धाकटी मेव्हणी. ती त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजीच म्हणतो.

दाजींच्या मनगटावरचं घड्याळ अजून बिश्केकच्या वेळेवर आहे, म्हणजे आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे. त्यामुळे त्यांचा स्वयंपाक अर्धा तास आधी तयार होतो, आपली लग्नं तासभर उशिरा लागतात, आणि मधल्या वेळात ते भट्टीजवळ बसून येणाऱ्याजाणाऱ्याला भूगोल शिकवतात. "आख्खा देश डोंगरच हाय. सपाट जागा बघायची म्हणलं तर हुडकत हिंडावं लागतंय." गंगाखेडाच्या दक्षिणेला बालाघाटच्या रांगा दिसतात, त्यांना ते बांध म्हणतात. तिकडच्या डोंगरांचं नावच मुळी स्वर्गाचे पर्वत, आणि त्यांच्या कुशीत एक तळं आहे, चहूकडे बर्फ पडलं तरी ते गोठत नाही. हे तळं केवढं, असं कुणी विचारलं तर दाजी झारा खाली ठेवतात. "आपला आख्खा जिल्हा त्यात बुडंल, अन् वर वसमतबी भिजंल." ऐकणारा बहुधा वाढपी असतो, त्याला वसमतचं सोयरसुतक नसतं, पण दाजी त्याला सोडत नाहीत.

तिथल्या भाषेची भीती त्यांना पहिल्याच आठवड्यात उरली नाही. तिकडेही बाजाराला बाजारच म्हणतात, चहाला चाय, रोटीला नान, कांद्याला पियाज. "निजामानं आपल्याला लय छळलं, पण पियाज देऊन गेला," असं दाजी म्हणतात, आणि एवढ्या शब्दांवर त्यांनी त्या देशात पाहुणचारसुद्धा निभावला. घरमालकाच्या म्हाताऱ्या वडिलांनी एकदा त्यांना जेवायला बोलावलं आणि मानाचा पाहुणा म्हणून मेंढ्याचं शिजवलेलं मुंडकं त्यांच्यापुढे ठेवलं. माळकरी माणूस. "मुंडकं माझ्याकडं बघायलंय, मी मुंडक्याकडं बघायलोय." शेवटी त्यांनी ताट दोन्ही हातांनी उचललं, कपाळाला लावलं आणि म्हाताऱ्यापुढे ठेवून नमस्कार केला. हिंदुस्थानात सगळ्यांत मोठा मान असाच देतात अशी त्या घराची समजूत झाली, म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तेव्हापासून तो दाजींना मुलासारखं वागवायला लागला.

पण दाजींनी तिकडून खरोखर काही आणलं असेल तर ती एक रीत. त्यांची आई इकडे गंगाखेडात वारली तेव्हा ते बिश्केकात होते. फोन मेसमधल्या एका पोराने घेतला आणि घाबरून ते पोर म्हाताऱ्याकडे गेलं. म्हाताऱ्याने त्याला गप्प राहायला सांगितलं. दुपारपासून मेसमध्ये माणसं जमायला लागली. शेजारी, भाजीवाला, टॅक्सीवाला, लोकरीच्या जाड पांढऱ्या टोप्या घातलेले म्हातारे. दाजींना वाटलं, काहीतरी सण आहे. त्यांनी सगळ्यांना पोहे केले, चहा केला, वर उत्साहाने शिरा केला. "मी आपलं विचारायलोय, काय प्रोग्राम हाय, तर कुणी माझ्याकडं बघंना." मग म्हाताऱ्याने त्यांना मधे बसवलं. दोघे जण दोन्ही बाजूंनी अगदी खेटून बसले. म्हातारा आधी हवेचं बोलला, मग घोड्यांचं, मग म्हणाला की जुनं झाड कधीतरी पडतं आणि सावलीतली माणसं उन्हात येतात. पोराने ते मराठीत सांगितलं, आणि दाजींना कळतंय न कळतंय तोच ती सगळी माणसं मोठ्याने रडायला लागली. त्यांच्यातल्या एकानेही त्यांच्या आईला पाहिलं नव्हतं. "साडूभाऊ, मला एकट्याला रडूच दिलं न्हाई त्यांनी," असं दाजी सांगतात, आणि हे सांगताना मात्र ते अतिशयोक्ती करत नाहीत.

ही रीत कशी पडली ते म्हाताऱ्याने त्यांना पुढे सांगितलं. ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्या आणि घोडे घेऊन उन्हाळ्यात उंच कुरणांवर तंबू टाकायची. एक घर या खोऱ्यात, दुसरं त्या, मधे बर्फाची खिंड. निरोप घेऊन कुणी घोड्यावरून यायचा. अशा ठिकाणी एकट्या माणसाला मरणाची बातमी दिली तर त्याला धरायचं कुणी? म्हणून आधी माणसं जमवायची, मगच तोंड उघडायचं. रशियाच्या झार बादशहाच्या राज्यात एकदा मोठं बंड झालं, आणि फौजेच्या भीतीने हजारो लोक बायकापोरांसकट खिंडी ओलांडून चीनकडे पळाले. त्यांतले कितीतरी वाटेतच गोठले. म्हाताऱ्याचे आजोबा त्यांतलेच. घरी सांगायला कुणी आलंच नाही, म्हणून आजी शेवटपर्यंत रोज एक नान जास्तीचा भाजायची. पुढे रशियनांचं लाल राज्य आलं आणि गेलं, देश स्वतंत्र झाला, ज्याच्यात्याच्या हाती मोबाइल आले, तरी मरणाचा निरोप द्यायला माणसंच जातात.

दाजींनी ही रीत गंगाखेडात लागू केली. ओळखीत कुठेही मृत्यू झाला की ते नातेवाइकांना फोन करू देत नाहीत. दोन वडीलधारी माणसं बरोबर घेतात आणि निघतात. परिणाम असा झाला की दाजी दोघांना घेऊन गल्लीत शिरले की दारं लागायला लागली. एकदा ताडकळसला ते मोठी कढई मागायला गेले, आणि उचलायला म्हणून दोघांना सोबत नेलं. घरातल्या बाईने तिघांना दारात पाहिलं आणि ती मटकन खाली बसून रडायला लागली. आईचं नाव घेऊन झालं, भावाचं झालं. कढईचं कळल्यावर तिने तिघांनाही यथेच्छ शिव्या दिल्या आणि मग कढई दिली. घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी हार घातलेला फोटो आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकली की दाजी खवळायचे. "त्याची लेक बसमदी आसंल, तिनं तिथंच वाचावं का हे?" असं ते बोलून दाखवायचे आणि वर अर्धा तास बोललेलं रेकॉर्ड करून ग्रुपवर पाठवायचे. शेवटी पुतण्यांनी त्यांना ग्रुपमधून काढून टाकलं. पण ज्यांच्या घरी तो प्रसंग खरोखर आला, त्यांनी दाजींना कधी नावं ठेवली नाहीत.

त्यांच्या पत्नी, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आमच्या अक्का. त्यांना या सगळ्याचं हसू यायचं. "यांना तिकडंच ठिवून घ्या म्हणावं," असं त्या म्हाताऱ्याला उद्देशून आमच्याजवळ म्हणायच्या. दर रविवारी सकाळी म्हाताऱ्याचा नातू व्हिडिओ कॉल लावून द्यायचा आणि फोन त्याच्या हातात देऊन निघून जायचा. म्हातारा आणि अक्का एकमेकांना बघून हसायचे. तो विचारायचा, "चाय?" अक्का कप दाखवून म्हणायच्या, "चाय." दोघांचं संभाषण एवढंच, पण ते बराच वेळ चालायचं. मग अक्कांचं हृदय थकायला लागलं. जिना चढवेना, बोलताना धाप लागायची, आणि डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना बाहेर बोलावून स्पष्ट सांगितलं. तेव्हापासून दाजींचा भूगोल कमी झाला. लांबचं काम ते घेईनासे झाले. आपण नसताना काही झालं तर, एवढीच भीती त्यांना होती, आणि ती ते कुणाला बोलून दाखवत नव्हते.

गेल्या माघात अक्का तपासणीसाठी परभणीला आमच्याकडे आल्या होत्या. दाजींनी वालूरचं एक लग्न आधीच घेतलेलं होतं. ते मोडायला निघाले, तर अक्कांनीच त्यांना घालवलं. "लोकाच्या लेकीचं लगीन हाय. पाव्हण्यायला उपाशी ठेवताव का? जावा तुमी." ते गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कांनी भिंतीला टेकून चहाचा कप हातात घेतला, आणि तो तसाच राहिला. डॉक्टर येऊन गेले. माझी बायको रडण्याआधी एवढंच बोलली, "दाजींना फोन करू नका. जाऊन सांगा."

मी दाजींच्या चुलतभावाला घेतलं, शेजारच्या गुरुजींना घेतलं आणि एक जीप ठरवली. फोन दाजींपर्यंत आमच्या आधी पोचू नये, एवढाच माझ्या जिवाला घोर. जीप परभणीबाहेर पडायच्या आत पुण्याच्या पुतण्याने ग्रुपवर अक्कांचा फोटो हारासकट टाकलेला होता. दाजी त्या ग्रुपमध्ये नव्हते म्हणून वाचले. सांगायचं कुणी यावर वाटेत आमची घासाघीस झाली. गुरुजी म्हणाले, आधी पावसाचं बोलावं. माघात कसला पाऊस, असं चुलतभाऊ म्हणाला.

मांडवामागे दाजी बुंदी पाडत होते. आम्ही तिघे जीपमधून उतरून ओळीने त्यांच्याकडे निघालो, आणि त्यांनी मान वर करून पाहिलं. त्यांना कळलं. त्या पहिल्या नजरेतच कळलं, हे मी शपथेवर सांगेन. झारा परातीत ठेवून ते म्हणाले, "या साडूभाऊ. बसा. चहा टाकतो." त्यांनी स्वतः चहा केला आणि आम्ही तो प्यायलो. "कॅनॉलला पाणी सुटलं का?" त्यांनी विचारलं. चुलतभाऊ म्हणाला, सुटलं. "ज्वारी बरी दिसायलीय यंदा." गुरुजी म्हणाले, बरी आहे. मी तोंड उघडलं आणि हरभऱ्याच्या घाटे अळीबद्दल काहीतरी बोलायला लागलो, आणि ते मला थांबवता येईना. दाजी माझ्याकडे बघत होते. शेवटी मलाच सांभाळून घेत ते म्हणाले, "असं समोर बसून जमत न्हाई, साडूभाऊ. हिकडं या. बाजूला बसा." त्यांनी मला एका अंगाला बसवलं, चुलतभावाला दुसऱ्या. माझा हात उचलून स्वतःच्या खांद्यावर ठेवला. "हं. आता सांगा."

मला झाड सुचलं नाही, सावली सुचली नाही. मी म्हणालो, "दाजी, अक्का गेल्या."

त्याच वेळी मांडवात मंगलाष्टकं सुरू झाली होती. दाजींनी मांडवाकडे पाहिलं. "अक्षता पडू द्या," एवढंच म्हणाले, आणि शेवटच्या 'सावधान'पर्यंत आम्ही तिघे तसेच एकमेकांना खेटून बसलो, गुरुजी समोर. मग ते उठले, वरणात मीठ कमी आहे ते बघून घ्या असं हाताखालच्या माणसाला सांगितलं, हात धुतले आणि जीपमध्ये बसले. वालूरची शीव ओलांडल्यावर त्यांनी जीप थांबवायला लावली. ज्वारीच्या कडेला उभे राहून ते मोठ्याने रडले. तिकडचे बाप्ये असे आरडून रडतात, असं ते सांगायचे तेव्हा आम्ही हसायचो. चुलतभाऊ रडला, मी रडलो, आणि ज्यांचा अक्कांशी फारसा परिचयही नव्हता ते गुरुजीही मोठ्याने रडले. एक मोटारसायकलवाला थांबला, काय झालं म्हणून त्याने विचारलं. कुणालाच सांगता येईना, तेव्हा तो डोक्यावरची टोपी काढून आमच्याबरोबर उभा राहिला.

आता दाजी पुन्हा कामाला जातात. रविवारी सकाळी मी बहुधा त्यांच्याकडे असतो. फोन येतो, म्हातारा दिसतो, आता फारच वाळलाय तो, आणि दाजींच्या खांद्यावरून मागे बघत विचारतो, "चाय?" दाजी म्हणतात, "बाजार." म्हातारा मान हलवतो. बाई बाजारात गेली, त्याला पटतं. एकदा मी म्हणालो, अहो, सांगून टाका त्याला. दाजी म्हणाले, "फोनवर? नातू बाहीर जातंय, म्हातारं घरात एकटंच असतंय. बाजूला कोन बसावं त्याच्या? मीच जाऊन सांगतो." त्यासाठी पासपोर्ट नवा करायला हवा, आणि ते काम त्यांनी माझ्यावर सोपवलं आहे, कारण जन्मभर मी कचेरीत कागदच हलवले.

मी ते काम मुद्दाम लांबणीवर टाकतोय. कधी फोटो नीट आला नाही म्हणतो, कधी साहेब रजेवर आहेत म्हणतो. बायकोला ते ठाऊक आहे. इकडे येत्या माघात अक्कांचं वर्षश्राद्ध होईल. तिकडे त्या बाजारात गेल्या आहेत, आणि येतीलच एवढ्यात.