दुसऱ्यांदा बोललं की

आमच्या चिमूरकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडईची जत्रा भरते. दुकानं, दंडारीची नाटकं, घरोघरी पाहुणे. मुलासाठी मुलगी शोधणारे लोक त्याच फेरीत एका गावातली दोन-तीन घरं उरकून घेतात. सोय म्हणजे सोय! त्या वर्षी भद्रावतीहून एक मुलगा आला, त्याच्या फेरीतलं पहिलं घर आमचं होतं.

मी वरोऱ्याच्या कॉलेजात शिकवत होते आणि असल्या बैठकींना पार विटले होते. आम्हा दोघांना आतल्या खोलीत बोलायला बसवलं. त्याने ठरलेला प्रश्न विचारला, "छंद काय तुमचे?" मी वैतागून खरं तेच सांगितलं. एक जुना व्हिडिओ गेम, चार सोबती घेऊन गावोगाव हिंडायचं, राक्षसांशी लढायचं आणि हरवलेला राजा शोधायचा. गेमचं नाव घेतलं मात्र, तो खुर्चीतून उठलाच.

"तो? मी संपवला आहे तो! पण भंगार आहे."

भंगार! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"काऊन भंगार?"

"राक्षस समोर उभा, अन् आपण निवांत ठरवून राह्यलो, तलवार मारू का दवा पिऊ. वाघ देते का तुमाले असा वेळ?"

"मंग वाघच पाहा ना, ताडोबा जवळच आहे! विचार करू देते म्हणूनच तो गेम मोठा आहे. बरं, नदीकाठच्या म्हातारीनं तुमाले काय सांगितलं?"

"कोणती म्हातारी?"

मी कपाळावर हात मारला. ती म्हातारी पहिल्यांदा नुसतं पाण्याचं रडगाणं गाते. पुन्हा जाऊन बोललं तरच राजाचा ठावठिकाणा सांगते, नाहीतर शेवट अर्धवटच मिळतो.

"एकदा बोलून पुढं निघाले असान! दुसऱ्यांदा बोललं की माणूस वेगळं सांगते, सारा गेम त्याच्यातच आहे!"

"लढाईचं बोला, म्हातारीचं काय घेऊन बसल्या!"

तो हटेना, मीही हटेना. कित्येक वर्षांत मला इतकी मजा आली नव्हती. आवाज ओसरीपर्यंत गेला आणि माझे मोठेबाबा, बाबांचे थोरले भाऊ, दारात येऊन उभे राहिले.

"मंग बाई, पसंत आहे का?"

भांडणाच्या भरात मी म्हणाले, "नाई! याईले गेमच समजला नाई!"

पहिल्या शब्दानंतर कुणी पुढचं ऐकलंच नाही. चहा संपला, नमस्कार झाले, पाहुणे पुढच्या घरी निघाले. ते घर आमच्याच गल्लीत, आणि तिथली मुलगी माझ्यापेक्षा कितीतरी गोड बोलणारी. मला रडूच यायला लागलं. आयुष्यभर भांडायला हाच हवा होता मला, आणि मीच त्याला वाटेला लावलं होतं.

ओसरीच्या खांबाला धरून मी बघत राहिले. शेजारच्या फाटकाशी त्याचे काका चपला काढत होते. तो मात्र तिथूनच वळला. काका हाका मारत राहिले आणि तो तरातरा चालत आमच्या अंगणात आला. मोठेबाबांच्या देखत, धापा टाकत त्याने मला विचारलं,

"पसंत आहे का? दुसऱ्यांदा विचारून राह्यलो."

मग मी वेगळं सांगितलं.