तीन हसऱ्या बाहुल्या

चार बाहुल्यांचा हट्ट शास्त्रज्ञांचा होता, हे आधीच सांगून टाकते. मी रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातली, कापडी बाहुल्या शिवून त्यांचे खेळ करणारी बाई. ते पुण्याहून इथल्या एका संस्थेत आलेले जनुकशास्त्राचे संशोधक. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची माहिती वस्त्यांमध्ये खेळातून द्यायची असं ठरलं आणि माझ्या डोक्याला ताप सुरू झाला.

तालमीला ते लाल पेन घेऊन बसत. विनोद दिसला की खोडत. 'रक्तातला दोष' म्हणायचं नाही म्हणाले, आणि त्यांनी सुचवलेला शब्द बाहुल्या नाचवणाऱ्या माझ्या एकाही पोरीच्या तोंडात बसेना. तेही मी गिळलं. खरी ठिणगी पडली ती शेवटच्या प्रसंगावर.

आईबाप दिसायला ठणठणीत, पण दोघांच्याही रक्तात आजार लपलेला. अशा जोडप्याच्या प्रत्येक बाळाला चारात एक एवढा धोका. मला हे चिंचोक्यांनी दाखवायचं होतं. आईच्या पोटलीत एक काळा, एक पांढरा. बापाच्या पोटलीतही तसेच. दर बाळाला दोघांकडून एकेक काढायचा आणि परत टाकायचा. दोन्ही काळे निघाले तर बाळ आजारी.

"ताई, लागोपाठ दोनदा काळे निघाले तर? लोकांना प्रमाण चुकीचं कळेल."

"मंग निघू द्या ना सर. लोकाईच्या घरी निघत नाही का तसे?"

"आमच्या तक्त्यात चार मुलं असतात. एक आजारी, तीन बरी. तेच दाखवा."

"काहून पण? लोक पोरं मोजतीन ना!"

ते नुसते हसले. असं हसणं मला आजही सहन होत नाही. पण खेळ त्यांच्या संस्थेचा होता. मी तीन हसऱ्या बाहुल्या शिवल्या, एक रडकी.

पहिला खेळ वस्तीतल्या समाजभवनात रंगला. टाळ्या पडल्या, सर खूश. लोक पांगल्यावर एक गरोदर बाई पुढे आली. कडेवर हडकुळं पोर, डोळे पिवळट. त्याला हाच आजार होता, आणि नवराबायको दोघांच्याही रक्तात तो लपलेला असल्याचं तपासणीत निघालं होतं. ती मात्र आनंदात होती.

"एक झन तो बीमार होइच गे हे, दीदी. अब पेट वाला बने होही." एकाचा वाटा भोगून झाला, आता पोटातलं चांगलंच निघणार, असा तिचा सरळ हिशोब. पोटातल्या बाळाच्या तपासणीला दवाखान्यात जायचं होतं, तेही आता कशाला, म्हणाली.

सर पुढे सरसावले आणि हिंदीत 'स्वतंत्र घटना' समजावू लागले. ती 'हव हव' म्हणत नुसती मान डोलवत राहिली. शेवटी मीच तिचा हात धरून सांगितलं की याही बाळाला धोका तेवढाच आहे, दवाखान्यात जायलाच हवं. तिचा चेहरा उतरला. तिने मंचाकडे बोट केलं.

"त फेर ओ तीनों ला हाँसत काबर दिखाएव?"

मग त्या तिघी हसऱ्या का दाखवल्या? सरांना विचार, असं तिला म्हणावंसं वाटलं, पण टाके माझेच होते.

"ताई," सर हळूच म्हणाले, "पुढच्या खेळाला मंचाखाली एक सूचना लिहून लावू, प्रत्येक बाळाला धोका तेवढाच म्हणून."

ती बाई अजून माझ्याच तोंडाकडे बघत उभी होती.